आत्याचा बसलेला घसा

आमच्या घरात सकाळ उजाडायची ती गुळण्यांनी. बाबा मोरीत उभे राहून हळद-मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायचे, आणि त्यांची गुळणी म्हणजे साधीसुधी खुळखुळ नव्हती. मान मागे टाकून, डोळे मिटून, वर चढवत चढवत ते ती अशा टिपेला न्यायचे की आई म्हणायची, आता टाळ्या वाजवायच्या का पाणी टाकताय? बाबा कचेरीत कारकून. दिवसभर खिडकीतून लोकांची नावं पुकारायला लागतात, म्हणून घसा जपतो, असं ते सांगायचे. पण घसा आमच्या घरात सगळ्यांनाच जपावा लागे, कारण आमच्या मागच्या भिंतीला भिंत लावून रफीकभाईंचा पॉवरलूमचा कारखाना होता. जमीन आमचीच, आजोबांनी भाड्याने दिलेली, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. खटाक्-खटाक्, खटाक्-खटाक्, रात्रंदिवस. फडताळातले पेले त्या तालावर किणकिणायचे. आम्ही जन्मल्यापासून एकमेकांशी ओरडूनच बोललो. ठाण्याला मामाकडे गेलो की मामी घाबरून विचारायची, "अगं, भांडण कशावरून झालं?" आणि आम्ही तर नुसतं चहात साखर कमी आहे एवढंच सांगत असायचो. शुक्रवारी माग बंद, तेव्हा मात्र उलटंच व्हायचं. त्या शांततेत आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं, आणि आम्ही हळू बोलायला इतके बिचकायचो की आजी असती तर म्हणाली असती, घरात भूत आलं.

या घरात सगळ्यात मोठा आवाज आत्याचा. बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, ती भावाकडे परत आली आणि आल्या आल्या तिने आमचं घर ताब्यात घेतलं. माझ्या जन्माच्या वेळी आई बरेच दिवस अंथरुणावर होती, तेव्हा माझी थोरली बहीण, ताई, आत्याच्या मांडीवर गेली ती उतरलीच नाही. वेणीफणी आत्याकडे, रुसणं-फुगणं आत्याकडे, झोपणंही आत्याच्याच गोधडीत. मी आईची आणि ताई आत्याची, अशी आमच्या घरात न बोलता वाटणी झालेली होती. आत्या लाड मात्र कधी बोलून दाखवायची नाही. "उठ गो म्हशी, सूर्य डोक्याव आयला," ही तिची मायेची हाक.

आणि आत्या धवलारीण होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, धवलारीण आधी. मांडवात पाटावर बसून ती धवले गाते. देवांना, पितरांना, गावाला, शेजाराला गाण्यातून बोलावते, आणि तिचा धवला सुरू झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. पार काल्हेर गावापासून कोन गावापर्यंत आत्याला बोलावणी यायची. भिवंडीतला कुठलाही मांडव कुठल्या ना कुठल्या कारखान्याला टेकलेलाच, म्हणून धवलारणीचं कौतुकही आवाजावर व्हायचं. "काय गायली! मागाला मागं सारलं!" असं लोक म्हणायचे. शब्द कुणाला ऐकू येत होते? आम्हाला सूर पाठ, चाल पाठ, शेवटी येणारा "गो" पाठ. मधलं सगळं रफीकभाईंचे माग खाऊन टाकायचे. त्याबद्दल कधी कुणाला काही वाटलं नाही.

ताईचं लग्न ठरलं ते भर वैशाखात. त्या आठवड्यात आत्या काल्हेरला एक आणि कोनला एक अशा दोन हळदी गाऊन आली होती, आणि परतताना कल्याण नाक्यावर तिने बर्फाचा गोळा खाल्ला. काला खट्टा. हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही, कारण ती दारात उभी राहिली तेव्हा तिचे ओठ, दात आणि हनुवटी जांभळीशार झाली होती. आईने कमरेवर हात ठेवले. "बाय, काय खाल्लंव?" आत्याने तोंड उघडलं, आणि त्यातून पंपातून हवा सुटावी तसा नुसता 'हस्स' असा आवाज आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हस्स. तेव्हा तिच्या डोळ्यांत जी भीती दिसली ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ताईची हळद चार दिवसांवर आली होती.

मग घरात औषधांचं पर्व सुरू झालं. आईचा विश्वास ओव्यावर. तव्यावर ओवा भाजायचा, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि गळ्याला शेक द्यायचा. त्या वासाने मला भजी आठवायची आणि भूक लागायची. वर दर तासाला हळद-मिठाच्या गुळण्या. बाबांना आपल्या गुळणीचा अभिमान, म्हणून ते कचेरीत जायच्या आधी आत्याला समोर उभं करून शिकवायचे: "मान मागे. अजून मागे. आता 'आ' म्हण, पण म्हणू नकोस." आत्या त्यांच्याकडे अशी बघायची की आवाज असता तर बाबांची धडगत नव्हती. बाबांनी तिला बोलायची बंदी केली होती. ती बंदी तिने तोंडाने पाळली, हाताने नाही. ताटलीवर उलथनं आपटून ती घर चालवू लागली. एकदा आपटलं की भांडी घासा, दोनदा आपटलं की दूध बघा, आणि आपटतच राहिली की मी काहीतरी करायला पाहिजे होतं ते केलेलं नाही.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या चाळीतल्या लक्ष्मीअक्का, तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरातल्या, पितळी भांडं पदराने धरून आल्या. त्यात मिऱ्यांचं चारू होतं. चिंच, लसूण, भरपूर मिरी, वाफ डोळ्यांत जाईल असं. "हे पिला की घसा काय, मेलेला माणूस पण बोलते," असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मागच्या दाराने रफीकभाईंची आई आली. तिला सगळी गल्ली अम्मीच म्हणायची. आझमगढहून येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, तरी पोटदुखीपासून नजर लागण्यापर्यंत सगळ्यावर ती हकिमाकडचंच काहीतरी काढायची. तिने मुलेठी, म्हणजे आपला ज्येष्ठमध, घालून उकळलेला जोशांदा आणला आणि शहतूतच्या, म्हणजे तुतीच्या, जांभळ्या सरबताची बाटली. "चम्मच चम्मच चाटो. पानी मत पीना ऊपर से." आई हे सगळं बघत होती. आमच्यात एक समजूत अशी की लग्नघरात कुणी काही घेऊन आलं तर ते परत पाठवायचं नाही, आणि धवलारणीने तर नाहीच नाही. त्यामुळे आत्याने ओव्याचा शेक घेतला, वर चारू प्यायलं, वर जोशांदा प्यायला आणि वर सरबत चाटलं. संध्याकाळी बाबा घरी आले तर आत्याचे ओठ पुन्हा जांभळे. बाबांचा पारा चढला. "परत गोळा खाल्लास? लाज नाही वाटत, घरात लग्न!" आत्या जीव तोडून मान हलवत होती, सरबताच्या बाटलीकडे बोट दाखवत होती, आणि बाबा म्हणत होते, बाटलीत भरून आणलास? मी आणि ताई हसून हसून जमिनीवर लोळलो.

पण हसणं वरवरचं होतं. दोन दिवस झाले तरी आवाज येईना. तिसऱ्या दिवशी बाबा ओट्यावर बसून म्हणाले की कोनच्या धवलारणीला निरोप धाडायला हवा, उद्याची हळद आहे, आता वाट बघता येणार नाही. त्यांचं चूक नव्हतं. पण ताई आतून आली आणि एरवी वर मान करून न बोलणारी ती मुलगी म्हणाली, "मला आत्याच पायजे. नायतर हळद लावूच नका." बाबांनी समजावलं, आईने समजावलं. ताई हलेना. आत्याने तेवढ्यात काय केलं, तर ट्रंक उघडून हळदीसाठी काढून ठेवलेलं नवं लुगडं घडी मोडू न देता परत आत ठेवलं आणि ट्रंकेवर बसून राहिली. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. रडण्यालाही आवाज नव्हता, त्यामुळे ते फार वाईट दिसत होतं. मला आज नातवंडं आहेत, पण ती ट्रंकेवर बसलेली आत्या आठवली की अजूनही जीव गलबलतो.

लक्ष्मीअक्का तेव्हाच चारूचं भांडं घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला भरून आत्याच्या हातात दिला. आत्याने डोळे पुसता पुसता, न फुंकता, मोठा घोट घेतला. चारू चुलीवरून तेव्हाच उतरवलेलं होतं.

"आयो गं! जलली माजी जीब!"

घरात एकदम गलका. "बोलली! बोलली!" लक्ष्मीअक्कांनी दोन्ही हात वर केले. "मी काय बोलली होती?" आई म्हणाली, तीन दिवस शेक मी देतेय आणि नाव चारूचं? गलका ऐकून अम्मी मागच्या दाराने आली आणि तिने सांगितलं की शहतूत हळूहळूच असर करतं, काल चाटलं ते आज लागू पडलं. तिघींची अशी जुंपली की आत्या काय बोलतेय ते कुणी ऐकेना. आणि ऐकूही येत नव्हतं. आवाज परत आला होता, पण अर्धाच. कुजबुजीपेक्षा जरा वरचा, खरखरीत, मऊ. ती गायला लागली तर चुलीपाशी बसलेल्या मला ऐकू यायचं आणि दाराशी उभ्या असलेल्या आईला नाही. मध्ये मागांचा आवाज उभा होता. बाबा म्हणाले, "मांडवात पहिल्या रांगेलासुद्धा पोचणार नाही. कोनला निरोप जाऊ दे."

"लोग नहीं सुन पाएँगे, इतनी ही बात है ना?" अम्मीने विचारलं. बाबांनी मान हलवली. ती पाय ओढत मागच्या दाराने कारखान्यात गेली आणि आम्ही सगळे तिच्या मागून. रफीकभाई बॉबिनच्या टोपल्यांपाशी उभे होते. अम्मीने सरळ सांगितलं की उद्या संध्याकाळी हळदीच्या वेळी सगळे माग बंद ठेवायचे. रफीकभाई कानावर हात ठेवून वाकले, त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शुक्रवारी हातातला तागा पुरा करून माग थांबवायचे; एरवी आपणहून चालू माग कुणी थांबवत नाही. माग मध्येच थांबला की त्या जागी कापडावर पट्टी उमटते, आडवी, धुतली तरी न जाणारी. मग तो अख्खा तागा, रफीकभाईंच्या भाषेत थान, बाजारात डागी ठरतो.

"अम्मी, हर थान पे पट्टी आएगी."

"आने दे. इसका गला गोले ने नहीं, तेरी मशीन ने बिठाया है. बीस बरस से मशीन के ऊपर से गा रही है बेचारी. और मेरी दवा ने जो आवाज़ निकाली, वो तू फिर बिठाएगा?"

"चारू ने निकाली," लक्ष्मीअक्का मागून म्हणाल्या.

रफीकभाईंनी एकदा आत्याकडे बघितलं. लहानपणी तिच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन ते मोठे झाले होते. त्यांनी कारागिरांना बोलावलं आणि सांगितलं, "कल शाम को मशीन बंद. सबका खाना मांडव में." कारागिरांनी शिट्ट्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. आमची भावकी, गल्ली, उष्टी हळद घेऊन आलेली नवरदेवाकडची मंडळी, त्यांत ताईचे होणारे सासरे पुढच्या खुर्चीत, मिशांना पीळ, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. कारागीर हात धुऊन, केस चोपडून कडेला बसलेले. आत्या नव्या लुगड्यात पाटावर बसली. आणि भिंतीपलीकडे एक एक माग थांबायला लागला. आवाज पातळ होत होत शेवटी एकच माग उरला, खटाक्, खटाक्, आणि तोही थांबला. शुक्रवार नसताना अशी शांतता आम्ही ऐकली नव्हती. मोरीतला नळ ठिबकत होता, तो ऐकू आला. पानांवर बसणारी माशी ऐकू आली. आणि त्या शांततेत बाबा, सवयीने, सगळा जोर लावून ओरडले: "पाट सरळ करा रे!" ते कल्याण नाक्यापर्यंत गेलं असावं. सगळा मांडव हसला आणि बाबा पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "सॉरी."

आत्या गायला लागली. तो खरखरीत, मऊ आवाज आम्हाला अनोळखी होता, पण गोड होता, आणि त्याहून मोठं नवल म्हणजे शब्द कळत होते. देव आले, पितर आले, गाव आला. बायका माना डोलावत होत्या. धवला पुढे सरकला आणि आत्या गायली:

"देव आयले, पितर आयले, बसा मांडवाखाली,
भाव माजा लय दानी गो, पातल रस्सा थाली."

बाबांनी आधी आईकडे पाहिलं, मग रश्श्याच्या पातेल्याकडे. आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण धवला मध्ये तोडायचा नसतो आणि तोंडात बसलेली चाल थांबत नाही; पुढची ओळ आपोआप आली:

"व्याही आयला थाटात गो, मिशीला देतो पील,
सदऱ्याचा बटन म्हनतो, दे रं मना ढील."

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं आत्या मागांच्या आडोशाने धवल्यात वाट्टेल ते घुसडत होती! गल्लीतल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येकाच्या तोंडावर, हात जोडून. कुणाचं मटण, कुणाची मिशी, कुणाचा चिकटपणा. शुक्रवारची हळद ती का टाळायची, तेही तेव्हा उमगलं. शब्द कुणाला कळणार नाहीत याची तिला खात्री होती, आणि ती खात्री तिच्या जिभेच्या इतकी अंगवळणी पडली होती की माग बंद आहेत हे कानांना कळलं तरी जिभेला कळलं नाही. सगळे ताईच्या सासऱ्यांकडे बघत होते. सोयरीक इथेच मोडते की काय, असं आईच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं. सासऱ्यांनी सावकाश खाली, आपल्या पोटाकडे पाहिलं. ताणलेलं बटण खरोखरच केविलवाणं दिसत होतं. त्यांनी ते सोडलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "खरा हाय. सकाळधरना गुदमारतंय." आणि असे गडगडून हसले की मांडव कोसळतो की काय असं वाटलं. कारागिरांना मराठी कळलेलं नव्हतं, त्यांना रफीकभाईंनी समजावून सांगितलं, मग तिकडून हशाची दुसरी लाट आली.

हसणं ओसरलं. आत्या खाली मान घालून बसली होती. धवला पुरा करायचा होता आणि पुढची ओळ तिने ताईसाठी केलेली होती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती ओळ कुणी ऐकावी म्हणून तिने केलीच नव्हती. मागांच्या आवाजात गाऊन टाकायची, आपल्यापाशी ठेवायची, एवढाच तिचा बेत असणार. ताई पाटावर बसून तिच्याकडे बघत होती. आत्याने घसा खाकरला आणि आधीपेक्षाही हळू गायली:

"कूस माजी रिकामी गो, मांडी मातर भरली,
दुसऱ्याची म्हनता म्हनता माजीच लेक ठरली."

पुढे तिला गाता आलं नाही. ताई हळदीच्या पाटावरून उठली, नवरीने उठायचं नसतं तरी उठली, आणि आत्याच्या मांडीवर जाऊन डोकं ठेवून पडली, लहानपणी पडायची तशीच. आई पुढे झाली. मला क्षणभर वाटलं आईला वाईट वाटलं असेल. तिने हळदीची वाटी उचलली आणि आत्याच्या हातात दिली. "बाय, पैली हळद तुमी लावा," ती म्हणाली. "लेक तुमचीच हाय." विधवेने पहिली हळद लावावी का, असं विचारायला एकीचं तोंड उघडत होतं, पण अम्मीने आणि लक्ष्मीअक्कांनी दोन्ही बाजूंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तिने तोंडात सुपारी टाकली. आत्याने ताईच्या गालाला हळद लावली. सगळं झाल्यावर अम्मीने मला विचारलं, "आखिर में क्या गाया?" मी सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "देखा? शहतूत."

त्यानंतर आमच्या गल्लीत कुठलीही हळद असली की रफीकभाईंचे माग धवल्यापुरते थांबायचे. लोकांनाच ते हवं असायचं. आत्या आपल्याला काय काय बोलते ते ऐकायला सगळे जीव मुठीत धरून बसायचे आणि बोलली नाही तर रुसायचे. घसा तिचा पुन्हा तसा बसला नाही. ओरडावंच लागत नव्हतं.

त्या संध्याकाळचे डागी तागे रफीकभाईंनी स्वस्तात विकून टाकले, पण एक तुकडा कापून त्यांनी ताईच्या आंदणात ठेवला. पांढरं जाडसर कापड, मधोमध, धवल्यासाठी माग थांबला तिथे, आडवी पुसट पट्टी. ताईने त्याचं काय करावं? नेसता येत नाही, अंथरता येत नाही. मग एकदा तिच्या धाकट्याचा घसा धरला तेव्हा तिने ओवा भाजून त्या कापडात बांधला आणि त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं, आणि तेव्हापासून ते आमच्या दोन्ही घरांचं घशाचं फडकं झालं. कारखाना आता नाही, तिथे गाड्या लावतात. आत्याही नाही. मागच्या आठवड्यात माझा घसा बसला. लेकीने चघळायच्या गोळ्या पाठवल्या, त्या मी घेतल्याही, पण काल्हेरहून ताईचा मुलगा स्कूटरवरून ते फडकं घेऊन आला तेव्हा मला खरं बरं वाटलं. धुऊन धुऊन ते इतकं विरलंय की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. पट्टी तेवढी शाबूत आहे. मी गळ्याला बांधून ताईला फोन लावला. माझ्या घशातून नुसता हस्स असा आवाज आला.

"बोलू नकोस," ताई पलीकडून ओरडली. ती अजून ओरडूनच बोलते. "पट्टी कुठं आली?"

मी आरशात पाहिलं. नेमकी कंठावर आली होती, तेवढं कसंबसं कुजबुजले.

"हां, मग बरोबर," ती म्हणाली. "तिथंच आत्या गायली होती."